पन्नास इंची प्लाझ्माचे काय करावे?

पत्राचा सारांश: विलेपार्ले पूर्वेला राहणाऱ्या एका वाचक भगिनींच्या यजमानांनी मार्च २०११ मध्ये, विश्वचषकाच्या धामधुमीत, पन्नास इंची ‘एचडी रेडी’ प्लाझ्मा टीव्ही घेतला. २ एप्रिलला वानखेडेवरचा अंतिम सामना पाहायला इमारतीच्या दोन मजल्यांवरची मंडळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसली होती. गेले काही महिने तो टीव्ही सुरू होताना कुरकुरतो. बटण दाबले की ‘टक्’ असा आवाज येतो, लाल दिवा लुकलुकतो आणि सगळे बंद पडते. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात सुरू झाला, तर मात्र संध्याकाळभर उत्तम चालतो. मेकॅनिकने बोर्ड बदलण्याचे ८,५०० रुपये सांगितले आहेत आणि गॅरंटी एका महिन्याची. दोन महिन्यांत इमारत पुनर्विकासाला जाणार असून कुटुंब जोगेश्वरीला भाड्याच्या घरात राहायला जाईल. तिथल्या मालकांनी भिंतीला भोक पाडायला मनाई केली आहे. दिवाळीत मुलाने पंचावन्न इंची ४के एलईडी टीव्ही आणला. यजमानांनी तो दोन दिवस पाहिला आणि ‘माणसे खोटी वाटतात, चेंडू पुसट होतो, रात्रीचे दृश्य राखाडी दिसते’ असे सांगून ते पुन्हा आतल्या खोलीतल्या प्लाझ्मासमोर जाऊन बसले. मुलगा दुखावला आहे. यजमानांची समजूत कशी घालावी, दुरुस्तीवर खर्च करणे मूर्खपणाचे ठरेल का, आणि नाहीच जमले तर जुना टीव्ही त्यांचे मन न दुखवता कसा काढावा, असे या भगिनी विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ‘त्यांचा जीव त्या टीव्हीत अडकला आहे’ हे वाक्य त्यात तीन ठिकाणी आले आहे: एकदा तुमच्या तोंडी, एकदा सूनबाईंच्या आणि एकदा चिरंजीवांच्या. यजमानांच्या तोंडी मात्र ते एकदाही नाही. ते काय म्हणाले हे तुम्हीच प्रामाणिकपणे लिहिले आहे, आणि त्यांच्या तिन्ही तक्रारी चित्राबद्दलच्या आहेत. त्या खऱ्या की खोट्या हे घरच्या घरी अर्ध्या तासात तपासता येते. पण ते कोणी तपासलेले दिसत नाही. निवृत्त माणसाने जुन्या वस्तूची बाजू घेतली की आपण तिला हळवेपणा म्हणून मोकळे होतो, आणि मग त्याच्या म्हणण्याला उत्तर द्यायचे सोडून त्याची समजूत घालायला लागतो. म्हणून समजूत कशी घालावी हे सांगण्याआधी, ती कोणाची घालायला हवी, हे आपण पाहू या.

माझे मत आधीच सांगतो. त्यांच्या तीन तक्रारींपैकी दोन तंत्रदृष्ट्या बरोबर आहेत, आणि तिसरीही बरोबर आहे, पण ती रिमोट हातात घेऊन दहा मिनिटांत दूर करता येईल.

चिरंजीवांचा समज असा दिसतो की एलईडी म्हणजे प्लाझ्माच्या पुढची पायरी. तसा समज होण्यात त्यांची चूक नाही, नावच तसे ठेवलेले आहे. दुकानात ज्याला ‘एलईडी टीव्ही’ म्हणतात तो मुळात एलसीडीच, म्हणजे द्रवस्फटिकांचा पडदाच, असतो. पूर्वी त्या पडद्यामागे बारीक नळीचे दिवे असत, त्यांच्या जागी एलईडी दिवे आले आणि खोक्यावरचे नाव बदलले. मागचा दिवा सतत जळत असतो आणि पुढचे द्रवस्फटिक खिडकीच्या झडपांसारखी उघडझाप करून तो उजेड कमीजास्त अडवतात. झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा उजेड गळतोच. मध्यरात्रीचा प्रसंग आहे, खोलीतले दिवे घालवले आहेत, आणि पडद्यावरचा अंधार मात्र धुरकट, राखेसारखा दिसतो आहे, हे त्या गळतीमुळे होते. महागड्या संचांत मागचे दिवे भागाभागाने मंद करण्याची सोय असते आणि तिथे हा दोष बराच झाकला जातो. साध्या संचांत ती सोय नसते.

प्लाझ्माचे काम वेगळे चालते. काचेच्या दोन तावदानांमध्ये लाखो सूक्ष्म कप्पे असतात आणि त्यांत निऑन व झेनॉन या वायूंचे मिश्रण भरलेले असते. विजेचा झटका बसला की कप्प्यातला वायू प्लाझ्मा अवस्थेत जातो, त्यातून अतिनील किरण निघतात आणि ते कप्प्याच्या भिंतीवरच्या लाल, हिरव्या किंवा निळ्या फॉस्फरला, म्हणजे चमकणाऱ्या लेपाला, उजळवतात. आपल्या घरातल्या ट्यूबलाइटचेच हे लाखो चिमुकले भाऊबंद म्हणा ना. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो, त्यामुळे मागून गळणारा उजेडच तिथे नसतो. (पूर्ण काळोख प्लाझ्मालाही जमत नसे, कारण कप्पे तयारीत ठेवण्यासाठी त्यांना हलकीशी ठिणगी द्यावी लागते, पण चांगल्या प्लाझ्माचा काळा रंग साध्या एलसीडीपेक्षा नक्कीच गडद असे.) तेव्हा राखाडी रात्रीची तक्रार यजमानांनी मनातून काढलेली नाही.

चेंडूचेही तसेच. एलसीडीचा पडदा एक चौकट, म्हणजे हलत्या चित्रातले एक स्थिर चित्र, दाखवतो आणि पुढची येईपर्यंत ती तशीच धरून ठेवतो. आपली नजर मात्र चेंडूमागे सरकत असते, म्हणून थांबलेले चित्र डोळ्यात फरफटल्यासारखे उमटते. प्लाझ्मा प्रत्येक चौकट झपकन उजळणाऱ्या छोट्या छोट्या चमकांतून उभी करतो, त्यामुळे सीमारेषेकडे धावणारा चेंडू त्यावर जास्त रेखीव राहतो. गंमत अशी की अगदी आधुनिक ओएलईडीलाही (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या नव्या पडद्यांनाही) ही चौकट धरून ठेवण्याची खोड आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्या घरात घडत असणार असा माझा अंदाज आहे. आपल्याकडे टीव्हीसमोर सरळ रेषेत बसून तो पाहणारे एखाद-दुसरेच असतात. कोणी दिवाणावर लोळत असतो, कोणी जमिनीवर भाजी निवडत असतो, आणि घरातली बाई स्वयंपाकघराच्या दारातून, हातात उलथणे घेऊन, तिरक्या नजरेने मालिका पाहत असते. प्लाझ्मा कुठूनही पाहिला तरी चित्र जवळपास सारखेच दिसते. अनेक एलसीडी पडद्यांवर मात्र बाजूला सरकले की रंग फिके पडतात. आज संध्याकाळी ओट्याजवळ उभ्या राहून तुम्हीच पाहा. नवीन टीव्हीवरचे चेहरे तिथून पांढुरके दिसले, तर यजमानांच्या बाजूने एक मत वाढले असे समजा.

आता ‘खोट्या’ माणसांकडे येऊ. बहुतेक नवे टीव्ही कारखान्यातून निघतात तेच दुकानातल्या झगमगाटासाठी सजवून. चित्राची पद्धत ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असते, रंग भडक असतात, कडा धारदार केलेल्या असतात. आणि दोन चौकटींच्या मध्ये नसलेल्या चौकटी बनवून घालणारी एक सोय चालू ठेवलेली असते, जिच्यामुळे सिनेमातली माणसे घरगुती व्हिडिओत चालल्यासारखी गुळगुळीत हलू लागतात. प्रत्येक कंपनीत या सोयीचे नाव निराळे असते, पण मेनूत ‘मोशन’ हा शब्द शोधला की ती बहुधा सापडते. ती बंद करावी. पद्धत ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ अशी ठेवावी, शार्पनेस बराच खाली आणावा, रंगछटा ‘वॉर्म’ करावी. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल आणि नंतर डोळे सरावतील. २०१९ मध्ये चित्रपट दिग्दर्शक आणि टीव्ही कंपन्या यांनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ ही सोय जाहीर केली, ती याच खोटेपणाला कंटाळून. म्हणजे तुमच्या यजमानांना जे खटकले, ते मोठमोठ्या दिग्दर्शकांनाही खटकले होते.

यातच एक साधा हिशेब लपला आहे, आणि तो माहीत नसल्याने आपल्याकडे बरीच घरे नव्या टीव्हीवर विनाकारण नाराज होतात. साध्या, म्हणजे एसडी, वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके असतात. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या गेलेल्या पन्नास इंची प्लाझ्माच्या पडद्यावर साधारण साडेदहा लाख ठिपके असत. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख असतात. वाहिनीकडून आलेला एक ठिपका प्लाझ्माला सरासरी अडीच ठिपक्यांवर पसरावा लागतो, तर नव्या टीव्हीला वीस ठिपक्यांवर, आणि मधल्या जागा त्याला अंदाजाने भरून काढाव्या लागतात. चिरंजीवांनी एवढा मोठा पडदा आणला आणि त्याला जुनेच एसडी वाहिन्यांचे पॅकेज जोडले असेल, तर पंचपक्वान्नांचे ताट मांडून त्यात कालचा भात वाढण्यासारखे ते झाले. यजमान नेहमी पाहतात त्या चार-पाच वाहिन्या एचडीमध्ये घ्याव्यात, आणि सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचे आउटपुटही एचडीवर आहे ना हे पाहावे. बॉक्स नवा, टीव्ही नवा आणि मधली वायर मात्र जुनी लाल-पांढरी-पिवळी, असे प्रकार मी चांगल्या शिकलेल्या घरांत पाहिले आहेत.

इथपर्यंत वाचून यजमानांना आनंद झाला असेल, तर आता थोडे त्यांच्यासाठी. चित्र सरस आहे, म्हणून तो टीव्ही राखलाच पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. प्लाझ्मा हरला तो चित्राच्या बाबतीत नाही. तो हरला बाकीच्या सगळ्या बाबतींत, आणि त्या बाबी खोट्या नव्हत्या.

मुळात प्लाझ्मा पडदा टीव्हीसाठी जन्मलाच नव्हता. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी तो शिकवणीच्या एका संगणक प्रणालीसाठी बनवला, आणि त्यावर फक्त निऑनची नारिंगी अक्षरे उमटत. रंगीत व मोठा पडदा व्हायला तीसेक वर्षे गेली. १९९०च्या दशकाच्या मध्यावर फुजित्सूने ४२ इंची रंगीत प्लाझ्मा बाजारात आणला. पुढची दहाएक वर्षे ज्याला भिंतीवर मोठा चपटा टीव्ही हवा होता, त्याच्यापुढे प्लाझ्मावाचून फारसा पर्यायच नव्हता. तेवढ्या आकाराचा एलसीडी बनवणे तेव्हा महागात जाई.

मग एलसीडी मोठा होत गेला. त्याची मोठी सोय अशी की तेच तंत्र मोबाइलला चालते, लॅपटॉपला चालते, संगणकाच्या मॉनिटरला चालते, त्यामुळे कारखान्यांवर घातलेला पैसा दहा वाटांनी परत येतो. प्लाझ्माचे कप्पे फार लहान करता येत नसत. ते जितके लहान, तितका त्यांचा उजेड कमी आणि वीज जास्त. म्हणून तो टीव्हीपुरताच राहिला, आणि त्यातही मोठ्या टीव्हीपुरता. ४के आल्यावर तर प्रश्नच मिटला. पॅनासॉनिकने २०१० मध्ये एवढ्या बारकाव्याचा प्लाझ्मा दाखवला होता, पण त्याचा आकार पाहा: कर्ण १५२ इंच! तेवढे ठिपके पन्नास इंचांत बसवून कोणाला परवडेल असा प्लाझ्मा विकणे कोणालाच जमले नाही.

शिवाय दुकान. आपण टीव्ही निवडतो कुठे? भगभगीत दिव्यांखाली, पाच मिनिटांत, मागे विक्रेता उभा असताना. तिथे प्लाझ्माच्या काचेत छतावरचे दिवे दिसत आणि शेजारचा एलसीडी त्याच्यापेक्षा लखलखीत भासे. घरी दिवे मालवून बसल्यावर जो टीव्ही जिंकला असता, तो दुकानात हरत असे. पायोनियरच्या ‘कुरो’ मालिकेचेच पाहा. जपानीत कुरो म्हणजे काळा. २००७ मध्ये आलेल्या या संचांच्या काळ्या रंगाची जाणकार अजून आठवण काढतात, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये पायोनियरने टीव्हीचा धंदाच सोडत असल्याचे जाहीर केले. पॅनासॉनिकने प्लाझ्माचे उत्पादन डिसेंबर २०१३ मध्ये थांबवले, आणि २०१४ संपता संपता सॅमसंग व एलजी यांनीही. यजमानांचा टीव्ही विकत घेतला गेला, तेव्हा या तंत्राच्या हाती तीन-चार वर्षेच उरली होती.

यातल्या दोन गोष्टी तुमच्या घराला आजही लागू आहेत. पहिली वीज. टीव्हीच्या मागच्या पाटीवर वॅटचा आकडा असेल. पन्नास इंची प्लाझ्मावर तो ३०० ते ४५० च्या दरम्यान असणे नेहमीचे. प्रत्यक्ष वापर दृश्याप्रमाणे कमीजास्त होतो. समजा नव्या टीव्हीपेक्षा सरासरी १५० वॅट जास्त लागतात आणि टीव्ही रोज पाच तास चालतो, तर महिन्याला बावीस-तेवीस युनिटांचा फरक पडला. तुमच्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याच्या दराने त्याला गुणा. घर बुडेल असा आकडा येणार नाही, पण शून्यही येणार नाही. ही सगळी वीज अखेर उष्णता होऊन खोलीतच उतरते, हे मे महिन्यात आतल्या लहान खोलीत बसणाऱ्या माणसाला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे पडद्यावर उमटणारा डाग, आणि ती मी भोगलेली आहे. माझ्याकडे बेचाळीस इंची प्लाझ्मा होता आणि घरातले एक ज्येष्ठ सकाळपासून रात्रीपर्यंत एकच वृत्तवाहिनी लावून बसत. तिसऱ्या वर्षी क्रिकेटचा सामना लावला, तर मैदानाच्या हिरवळीवर खालच्या अंगाला एक फिकट आडवी पट्टी दिसू लागली आणि तिच्यात ‘ताजी बातमी’ ही अक्षरे वाचता येत होती. वाहिनी बदलली तरी ती जाईना. सामन्यात पाऊस आला की ती जरा कमी दिसे, एवढेच समाधान. यजमानांच्या पडद्यावर असे काही आहे का, हे एखादे पूर्ण पांढरे किंवा फिके चित्र लावून पाहावे. असेल, तर सरस चित्राचा मुद्दा तेवढा लंगडा होतो.

तेव्हा चाचणी करा. टीव्ही एकदा सुरू झाला की चालतो असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे ती करण्यासारखी आहे. आधी चिरंजीवांनी नव्या टीव्हीची सेटिंग वर सांगितल्याप्रमाणे बदलावीत. मग एखाद्या रविवारी दोन्ही टीव्हींवर एकच एचडी वाहिनी लावून दुपारी उजेडात आणि रात्री दिवे घालवून, अशी दोनदा तुलना करावी. जड टीव्ही उचलून शेजारी आणू नका, या खोलीतून त्या खोलीत माणसांनी जावे. दुपारी नवा टीव्ही जिंकेल असा माझा कयास आहे, कारण उजळ दृश्यात प्लाझ्मा वीज आवरण्यासाठी स्वतःच मंद होतो. एचडीतला सामना असेल, तर धावफलकावरची बारीक अक्षरेही नव्यावर जास्त स्वच्छ दिसतील. रात्री कदाचित जुना जिंकेल. पहाटे पाचला पडदे ओढून ऑस्ट्रेलियातला कसोटी सामना पाहायचा असेल तर कोणता बरा, हे यजमानांनीच ठरवावे. या तुलनेत वडिलांचे डोळे चुकीचे नव्हते हे मुलाला दिसेल, आणि मुलाने आणलेली वस्तू टाकाऊ नाही हे वडिलांना. चिरंजीवांनी त्या वेळी फक्त एक वाक्य टाळावे: ‘बाबा, आता हे सगळे जुने झाले.’

दुरुस्तीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आत्ता करू नका. टीव्ही नादुरुस्त राहावा म्हणून मी हे सांगत नाही. दोन महिन्यांत तो पार्ल्याहून जोगेश्वरीला जाणार आहे आणि दीड दशकाच्या प्लाझ्माला त्या प्रवासाइतका धोका दुसऱ्या कशाचाच नाही. ८,५०० रुपयांचा बोर्ड बसवला आणि टेम्पोत काच तडकली, तर पैसेही गेले आणि टीव्हीही. एक महिन्याची गॅरंटी तर सामान बांधायच्या आतच संपेल. नव्या घरी पोहोचून तो आत्ता चालतो तसा चालला, तर मग मेकॅनिकला बोलवा.

तेव्हा त्याच्याशी काय बोलायचे, हेही सांगून ठेवतो, कारण अशी पत्रे मला इतरांचीही येतात. लाल दिवा किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजून ठेवा. बऱ्याच कंपन्यांच्या संचांत ती संख्या म्हणजे कोणता भाग बिघडला याचा संकेत असतो. आधी पॉवर सप्लाय तपासायला सांगा, कारण तिसऱ्या-चौथ्या खेपेस सुरू होण्यामागे कधी कधी फुगलेले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) एवढेच कारण असते आणि ते काम थोडक्यात होते. बोर्डच बदलायचा असेल, तर तो कुठून आणणार हे विचारा. प्लाझ्माचे उत्पादन थांबून दशक उलटले आहे. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा आणखी कुठे मिळतो तो बोर्ड बहुधा दुसऱ्या मेलेल्या टीव्हीतून काढलेला असतो. तो वाईटच असतो असे नाही, पण त्याचेही वय तुमच्या टीव्हीइतकेच असते, आणि त्यासाठी नव्या बोर्डाची किंमत मोजू नये. तीन हजारांच्या आत काम होत असेल आणि किमान तीन महिन्यांची हमी कागदावर मिळत असेल, तर यजमानांच्या आनंदासाठी मी ते करीन. त्याच्या वर करणार नाही. पडद्यात कायमची उभी रेघ आली असेल किंवा काचेला तडा असेल, तर तीनशे रुपयेही घालू नयेत. आणि घरात कोणी हौशी असेल, तर त्याला मागचे झाकण उघडू देऊ नका. आत दोनशे व्होल्ट आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त दाब खेळत असतो आणि वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकून राहतो.

ज्यांचा प्लाझ्मा परदेशातून आलेला आहे, त्यांनी आणखी सावध राहावे. ऑगस्ट २०१३ मध्ये प्रवाशांच्या सामानातल्या चपट्या टीव्हीवर ३५ टक्के शुल्क लागू झाले. त्याआधी दुबई-बँकॉकहून टीव्हीचा खोका घेऊन उतरणे ही मुंबईत नवलाईची गोष्ट नव्हती. त्या संचांचे बोर्ड इथे विकल्या गेलेल्या मॉडेलांशी जुळतीलच असे नाही.

मग यजमानांना आवडेल असा नवा टीव्ही नाहीच का? आहे. प्लाझ्माचा खरा वारस शोधायचा, तर तो ओएलईडी. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो, काळा रंग प्लाझ्मापेक्षाही गडद असतो, बाजूने पाहिले तरी चित्र टिकते. ‘क्यूएलईडी’ या जुळ्यासारख्या नावाला मात्र भुलू नका, दुकानात त्या नावाखाली मिळतो तो एलसीडीच, रंग सुधारणारा एक थर जास्त घातलेला. ओएलईडीची किंमत जास्त आहे आणि सतत एकच पट्टी दाखवली, तर डागाचा धोका त्यालाही आहे, म्हणजे माझ्या घरातल्या त्या ज्येष्ठांना मी तो देणार नाही. पण तुम्हाला घाई करायचे कारण नाही. चिरंजीवांचा टीव्ही नवाकोरा आहे, भाड्याच्या घरात तो पायांच्या स्टँडवर टेबलावर उभा राहील. इमारत बांधून तुम्ही पार्ल्याला परत याल, तेव्हा यजमानांसाठी ओएलईडीचा विचार करा. प्रत्यक्ष दुकानात जाऊन, दिवे मंद असलेल्या खोलीत, त्यांनाच निवडू द्या.

टीव्ही काढायची वेळ आलीच, तर तो परस्पर काढू नका. यजमान फिरायला गेलेले असताना भंगारवाल्याला बोलावण्याचा बेत तुमच्या पत्राच्या शेवटी अर्धवट डोकावतो, तो सोडून द्या. भंगारवाला काच फोडतो, तांबे आणि ॲल्युमिनियम काढतो आणि उरलेले कचऱ्यात जाते. जुन्या प्लाझ्माच्या काचेच्या सांध्यांत शिसेही असू शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करावा, किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांपैकी कोणाला तरी बोलवावे. पिक्चर ट्यूबचे जुने डबे माळ्यावर ठेवलेल्यांनाही हेच लागू; त्या काचेत तर शिसे भरपूर असते.

आता सामान हलवण्याचा दिवस. टीव्ही वजनदार आहे, तेव्हा दोन धडधाकट माणसे लागतील. तो उभाच न्यायचा, आडवा कधीही ठेवायचा नाही. आडव्या स्थितीत काचेवर तिच्याच वजनाचा ताण येतो. मूळ खोका नसेल तर पडद्याला जाड पुठ्ठा लावून त्यावर गोधडी गुंडाळावी, आणि टेम्पोत तो कपाट व गादी यांच्यामध्ये, पडदा गादीकडे करून, दोरीने आवळून उभा करावा. त्या दोरीचे टोक यजमानांच्या हाती असलेले बरे. पावसाळ्यात हलवणार असाल, तर नव्या घरी पोहोचल्यावर लगेच बटण दाबू नये. ओल सुकायला दोन-तीन तास द्यावेत, आणि ठेवताना मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडावी.